खडूच्या रेघेपलीकडे

१

डबा दीड पौंडानं जाड झाला होता.

गस ह्रुस्कानं तो काट्यावरून उचलला, काटा शून्यावर आहे ना ते वाकून पाहिलं आणि डबा परत ठेवला. साडेतीन पौंड. सकाळी अकरा वाजता त्यानंच या डब्याचं वजन केलं होतं, चिकटपट्टी लावली होती आणि दोन पौंडांना पुरतील तेवढी तिकिटं डकवून तो फळीवर ठेवला होता.

"फिल्मला कधी दिवस जातात का गं?" त्यानं दारात उभ्या असलेल्या नॅडीनला विचारलं.

नॅडीन प्रूसाक नुकतीच शाळेतून आली होती. वय पंधरा, बुटांना मार्चमधला काळा बर्फ लागलेला, आणि मागच्या आठवड्यात वादविवादात सगळ्या शाळेला गप्प केल्यामुळे मान थोडी ताठ. रोज दुपारी ती बफेलोच्या या चिमुकल्या टीव्ही स्टेशनात यायची आणि ओबीला आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायची. ओबी म्हणजे वॉलरस. हातात घालायचा बाहुला, झाडूच्या केसांच्या मिशा, गळ्यात लाल मफलर. एका खोट्या रेल्वे स्टेशनाच्या तिकीटघरात बसून तो घंटा वाजवायचा. संध्याकाळचे पाच वाजले की शहरातली यच्चयावत पोरं त्याच्यापुढे मांडी ठोकून बसत. त्याला नाचवणारी आणि त्याच्या तोंडून बोलणारी होती नॅडीनची सख्खी जेनी आत्या.

गसनं चिकटपट्टी सोडली, झाकण उघडलं, फिल्मचं टोक दिव्यासमोर धरलं आणि नाक मुरडलं.

"बोलिंग," तो म्हणाला. "जानेवारीतला सामना. जाडे पुरुष लाकडी पिना पाडतायत."

"आणि ओबी?"

"ओबी गायब."

ओबीचा कार्यक्रम रोज थेट हवेत जायचा आणि हवेतच विरून जायचा. पण गेल्या शुक्रवारी, एकदाच, तो पडद्यावरून फिल्मवर उतरवून घेतला होता. न्यूयॉर्कची मंडळी देशभर दाखवायला मुलांचा एकच कार्यक्रम निवडणार होती. तीन शहरांकडून रिळं मागवली होती, आणि निवड परवा होती. इथल्या साबणवाल्यानं जाहिरात काढून घेतली होती. न्यूयॉर्कनं घेतलं नाही तर ओबी महिनाअखेर बंद. आणि टपालाची गाडी पावणेसहाला निघायची.

तोवर स्टेशनचे मॅनेजर ब्लॉजेटसाहेब बातमी ऐकून धावत आले होते. त्यांनी डब्यात पाहिलं, घड्याळात पाहिलं, आणि खुर्ची नव्हती तिथे बसायला गेले.

"पोलीस बोलावू का?" गसनं त्यांना सावरत विचारलं.

"पोलीस येऊन नावं लिहून घेईपर्यंत गाडी अल्बनीला पोचेल."

"मला पाच वाजेपर्यंत वेळ द्या," नॅडीन म्हणाली. आपण हे मोठ्यानं बोललो हे तिला नंतर कळलं.

ब्लॉजेटसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. दुसरं कुणी हात वर करत नव्हतं. "दिला," ते म्हणाले.

नॅडीननं सोडलेली चिकटपट्टी उचलली. एक टोक आतल्या बाजूला दुमडलेलं होतं, नीट, नखाएवढं.

"हे तुम्ही दुमडलंत, गसकाका?"

"मी? मी दातानं तोडतो आणि थापतो."

तिनं पट्टी वहीत ठेवली. ती नखाएवढी घडी तिनं कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते आठवायचं तिच्या जिवावर आलं, आणि का आलं तेही तिला कळेना.

२

"दार उघडं होतं?"

"कुलूप नाताळापासून मोडलंय. बारा ते एक मी जेवायला गेलो. तेवढ्यात कुणीही शिरलं असेल."

"कुणीही म्हणजे कोण?"

गसनं बोटांवर मोजलं. ब्लॉजेटसाहेब शहरात जेवायला गेले होते. कॅमेऱ्यावरची माणसं दोनला येतात. बारा वाजता इमारतीत तिघंच: ओबीच्या कार्यक्रमात स्टेशनमास्तरचं काम करणारा एल्वुड टॅन्सली, फ्रिजची जाहिरात करणारी मॅक्सीन डोरन आणि जेनी आत्या.

"आत्याला वगळा. तिचंच तर रीळ आहे."

"मी कुणाला घालतही नाही आणि वगळतही नाही," गस म्हणाला. "मी फिल्म धुतो."

"त्या फिल्ममध्ये असं काही होतं का, जे कुणाला नको असेल?"

गसनं कान खाजवला. "हे विचारलंस ते बरं केलंस. घरच्या टीव्हीत चित्राच्या कडा कापल्या जातात, ते ठाऊक आहे ना?"

तिला ठाऊक होतं. स्टुडिओच्या जमिनीवर त्यासाठीच खडूची रेघ होती. रेघेच्या आत असाल तर शहर तुम्हाला बघतंय. रेघेपलीकडे नाक खुपसा, जांभया द्या, कुणाच्या बापाला दिसत नाही.

"पण माझं यंत्र कडा कापत नाही. रेघेच्या हातभर पलीकडचंही सगळं फिल्मवर येतं. सोमवारी मी ते बोलून गेलो. टॅन्सली आणि तुझी आत्या दोघंही इथंच उभे होते. दोघांचे चेहरे असे पडले, जणू मी त्यांची डायरी वाचली."

"काय होतं पलीकडे?"

"ते मला विचारू नकोस. मी फिल्मवर ओरखडे शोधतो, माणसं नाही."

टॅन्सली रंगपटात होता. आरशासमोर बसून स्टेशनमास्तरची टोपी घालत होता, काढत होता.

"संशय माझ्यावर, नाही का?" तो म्हणाला. "न्यूयॉर्कच्या पत्रात वॉलरसचं कौतुक सात ओळी, आणि माझं नाव चुकीचं लिहिलेलं. टॅन्सीली. जणू मी एखादं बेट आहे."

"तुम्ही बारा ते एक कुठे होतात?"

"समोरच्या खानावळीत. बीफ सँडविच, वर एवढी मिरमिरीत चटणी की डोळ्यांतून पाणी. मालकाला विचार, त्यानं मला हातरुमाल दिला."

"आणि खडूच्या रेघेपलीकडे तुम्ही शुक्रवारी काय करत होतात?"

टॅन्सलीनं टोपी मांडीवर ठेवली.

"सँडविच," तो हळूच म्हणाला. "गाणं सुरू असतं तेव्हा मला भूक लागते. न्यूयॉर्कवाले बघतील, स्टेशनमास्तर गालफडं फुगवून चावतोय. लाज वाटली. पण नॅडीन, रीळ गेलं नाही तर पहिल्या तारखेपासून मी कुणाशी बोलू? रिकाम्या खिडकीशी? तो केसाळ प्राणी मला पोसतो, पोरी."

त्याच्या बोलण्यात खोटं काही वाटेना. नॅडीन बाहेर पडली, तेव्हा बोळातल्या टीव्हीवर साडेतीनची जाहिरात नुकती लागली होती. ती सहज तिथे थबकली, आणि जागची हललीच नाही.

३

मॅक्सीन डोरन रोज या वेळी शहराला फ्रिज विकायची. चोवीस वर्षांची, कंबर मुठीत मावेल अशी, आणि आवाज असा की बर्फालाही थंडी वाजेल. तो फ्रिज सगळं स्टेशन ओळखत होतं. त्याची घरघर माइकमध्ये शिरते म्हणून तो कायम बंद. दिव्यांच्या उष्णतेत आइस्क्रीमचं पाणी होतं म्हणून आतलं आइस्क्रीम म्हणजे उकडलेल्या बटाट्याचा लगदा. खरा फक्त खालच्या खणातला कोबी, आणि मॅक्सीन रोज तो खण ओढून म्हणायची, "पाहा, जणू आत्ताच मळ्यातून आणलाय."

आज तिनं डाव्या हातानं दार उघडलं, बटाट्याचं आइस्क्रीम दाखवलं, आणि म्हणाली, "आणि खालच्या खणाबद्दल तर मी काय सांगावं."

आणि खरोखरच काही न सांगता तिनं दार लावून टाकलं.

सहा महिन्यांत पहिल्यांदा कोबी दिसला नव्हता.

नॅडीनचे पाय तिथूनच फ्रिजकडे वळणार होते. पण साडेतीनचा कार्यक्रम संपायला अजून पाऊण तास होता, स्टुडिओच्या दारावर लाल दिवा जळत होता, आणि लाल दिव्यात आत जाणाऱ्याला ब्लॉजेटसाहेब दिवसभर माफ करत नसत. मग ती आपल्या टेबलापाशी जाऊन पत्रं उघडू लागली. हातांना काहीतरी काम हवं होतं.

फेब्रुवारीपासून पत्रांत एक नवीनच खूळ आलं होतं. *ओबीला थंडी का वाजते? त्याच्या मिशा हलतात.* *ओबीला माझं स्वेटर देऊ का?* आत्यानंच मग त्याच्या गळ्यात मफलर बांधला होता, आणि नॅडीननं चाळीस पोरांना कळवलं होतं की ओबीला आता ऊब आहे.

आज मात्र वरचीच चिठ्ठी म्हणत होती: *शुक्रवारी ओबीची थंडी गेली म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. सोमवारी परत का आली?*

नॅडीननं ती दोनदा वाचली. शुक्रवारी तिची गणिताची परीक्षा होती. तिनं तो कार्यक्रम पाहिलाच नव्हता.

दुसरी चिठ्ठी लॅकवानाच्या डेल नावाच्या सात वर्षांच्या मुलाची होती. अक्षरं वाकडी, ओळी डोंगर चढणाऱ्या.

*प्रिय ओबी, तू माझ्यासारखा डावखुरा आहेस म्हणून मला आवडतोस. तू नेहमी डाव्या हातानं घंटा वाजवतोस. पण शुक्रवारी उजव्या हातानं वाजवलीस. तुलाही टीचर रागावल्या का?*

नॅडीन हसली. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

तिनं उजवा हात वर केला, तळवा समोर, जसा ओबीच्या आत घालतात. पहिलं बोट डोक्यात. अंगठा एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात. घंटेची दोरी ओढायला जोर लागतो; ते काम अंगठ्याचंच. आणि उजव्या हाताचा अंगठा जातो ओबीच्या डाव्या हातात.

तिनं उजवा हात खाली घेतला आणि डावा वर केला. अंगठा आता ओबीच्या उजव्या हातात होता.

शुक्रवारी ओबीच्या आत जो हात होता तो आत्याचा नव्हताच. डावखुऱ्या माणसाचा होता, आणि तो हात कापत नव्हता.

४

सव्वाचारला लाल दिवा विझला. नॅडीन स्टुडिओत शिरली, सरळ फ्रिजपाशी गेली आणि खालचा खण ओढला. कोबी होताच. त्याच्या मागे, फुलाफुलांच्या रुमालात गुंडाळलेलं, ताटलीएवढं रीळ.

"त्याला हात लावू नकोस."

मागे मॅक्सीन उभी होती. जाहिरातीतला आवाज कुठल्याकुठे गेला होता. आता ती नुसती क्लिंटन स्ट्रीटवरच्या साध्या घरातली मुलगी होती, आणि घाबरलेली होती.

"शुक्रवारी ओबीत तुझा हात होता," नॅडीन म्हणाली.

मॅक्सीननं इकडेतिकडे पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"डेलनं. तो सात वर्षांचा आहे."

मॅक्सीन फ्रिजला टेकली. "तुझ्या आत्यानं मला दोन महिने शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत. शुक्रवारी तिला वाटलं, आज न्यूयॉर्कसाठी काढतायत, आज तरी ओबी स्थिर दिसू दे. मी तिकीटघरात बसले. दोघींना आत जागा नाही, म्हणून ती मागच्या दारापाशी स्टुलावर बसून त्याचं बोलली. रेघेपलीकडे. टॅन्सलीच्या आणि तिच्या मधे भिंत. कॅमेऱ्यावरच्या पोरांचे डोळे ओबीवर, मागच्या दाराकडे कुणी बघितलंच नाही."

"आणि सोमवारी गसकाकांनी सांगितलं की पलीकडचंही दिसतं."

"म्हणून मी रीळ बदललं," मॅक्सीन घाईनं म्हणाली. "मीच. एकटीनं. जा, सांग ब्लॉजेटना. माझी जाहिरात गेली तर गेली, दुकानात उभी राहीन."

नॅडीननं वही उघडून चिकटपट्टी दाखवली. "ही तू लावलीस?"

"लावली की."

"टोकाला काय केलंस?"

"टोकाला? काय करायचं असतं टोकाला?"

नॅडीननं वही मिटली. ती घडी कुठे पाहिली होती ते तिला आता टाळता येईना. घरी, पिठाच्या पुडीवर. वाढदिवसाच्या खोक्यावर. या हिवाळ्यात घरातल्या प्रत्येक चिकटपट्टीला तशी घडी होती. ज्याच्या बोटांना सपाट टोक सापडत नाही, तो माणूस ते आधीच दुमडून ठेवतो.

कोडं सुटलं होतं. अशा वेळी आपल्याला उड्या माराव्याशा वाटतील असं तिला नेहमी वाटायचं.

५

जेनी आत्या सामानाच्या खोलीत ओबीच्या मिशा विंचरत बसली होती. डाव्या हातानं.

"सापडलं वाटतं," ती वर न बघताच म्हणाली. "तू दार किती हळू उघडलंस त्यावरूनच कळलं. एरवी बिजागऱ्या रडतात."

"आत्या, तूच का?"

"मग काय टॅन्सलीला पाठवू? तो डबा उघडायच्या आधी खाऊन टाकील."

नॅडीनला हसू आलं नाही. ती खोक्यावर बसली. "ते तर तुझंच रीळ होतं."

"माझं कुठे? त्यात मी स्टुलावर बसलेय, दोन्ही हात मांडीत. न्यूयॉर्कवाल्यांना एक बाई हवीय, नॅडे. त्यांच्या पत्रात एकच बाई आहे. त्यांनी ते पाहिलं असतं तर विचारलं असतं, हिच्या हाताला काय झालं. बोलिंग गेलं असतं तर मी म्हणाले असते, चुकून गेलं, आठवडाभर थांबा. तोवर हात जरा बरा होईल."

"होईल?"

कंगवा थांबला. "डॉक्टर म्हणाले, हे मागे फिरणारं दुखणं नाही." तिनं उजवा हात मांडीवर ठेवला, आणि तो तिथे स्वतःशीच पुटपुटल्यासारखा हलत राहिला. "चोवीस वर्षं मी हा हात डोक्यावर धरलाय. जत्रेत, चर्चच्या तळघरात, मग इथे. ओबी म्हणजे हा हात. हा गेला तर माझ्याकडे उरलं काय?"

"मग रीळ जाळलं का नाहीस?"

"जमलं नाही," ती म्हणाली. "एकच तर आहे."

नॅडीनच्या मनात वादविवादातली सगळी वाक्यं रांगेत उभी राहिली, आणि एकही कामाचं नव्हतं. मग एक साधाच प्रश्न सुचला.

"तू पाहिलंस का ते?"

"काय?"

"ओबीचं काम. समोरून."

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं 'स्वतःची मान कधी मागून पाहिलीस का' असं विचारलं होतं. "मी कशी पाहणार? मी नेहमी आत असते. आणि झालं की गेलं."

"वीस मिनिटं आहेत," नॅडीन म्हणाली आणि उठली.

गसनं एक शब्द न विचारता फिल्म यंत्रावर चढवली आणि दिवा मालवला. भिंतीवर तिकीटघर उमटलं. उजव्या कडेला टॅन्सली पोत्यात तोंड घातल्यासारखा सँडविच खात होता. डाव्या कडेला, मागच्या दाराशी, स्टुलावर एक जाडीशी बाई माइकपुढे बसली होती. आणि मधे ओबी.

त्यानं मान वाकडी केली. स्टेशनमास्तरची टोपी खिडकीतून पळवली, स्वतःच्या डोक्यावर उलटी घातली, आणि गाडी सुटल्याचं जाहीर करून घंटा बडवली. प्रत्येक वेळी स्टुलावरची बाई खांदे वर करत होती, गाल फुगवत होती, टोपी पळवताना तिचीच मान चोरासारखी खाली जात होती. ओबी तिच्या मागोमाग तेच करत होता, पापणीच्या अंतरानं.

"हा एवढा आगाऊ आहे?" आत्या अंधारात म्हणाली.

"आहेच," मॅक्सीन दारातून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. "मी काहीच करत नाही, जेनी. फटीतून तुझ्या मानेकडे बघत राहते. ती जाईल तिकडे जाते."

आत्या हसायला लागली. आधी नाकातून, मग सगळी. ओबी गाडी चुकलेल्या प्रवाशाला स्वतःचं सामान विकू लागला तेव्हा तिनं गसच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि गस ओरखडे शोधायचे सोडून भिंतीकडे बघत राहिला.

रीळ संपलं. पांढरा चौकोन भिंतीवर फडफडला.

"ब्लॉजेटना बोलवा," आत्या डोळे पुसत म्हणाली.

६

ते आले. आत्यानं त्यांना उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: हात, शुक्रवार, बोलिंग, कोबी. कुणावर काही ढकललं नाही. मॅक्सीन मधे बोलायला गेली तेव्हा तिनं नुसतं बोट वर केलं, आणि ते बोट हललं, आणि तिनं ते लपवलं नाही.

ब्लॉजेटसाहेब चष्मा पुसत राहिले. आधीच स्वच्छ असलेला चष्मा त्यांनी तीनदा पुसला.

"मी तुला या घटकेला काढून टाकू शकतो, जेनी."

"शकता."

"आणि न्यूयॉर्क हे बघून नाही म्हणू शकतं."

"तेही शकतं. पण निदान जे आहे त्याला नाही म्हणेल."

त्यांनी घड्याळ पाहिलं. पाचाला आठ कमी. "तिकीटघराचं मागचं दार काढून टाका," ते गसला म्हणाले. "दोन माणसांना बसायला जागा करा. मॅक्सीन, पायातलं ते टकटक करणारं काढ. टॅन्सली कुठाय? त्याला सांगा, आज रेघेच्या आत जेव."

पाच वाजता लाल दिवा लागला. नॅडीननं त्या दिवशी कार्यक्रम समोरून पाहिला नाही. ती तिकीटघराच्या मागे उकिडवी बसून राहिली, आत्याच्या मानेपासून मॅक्सीनच्या मनगटापर्यंत काहीतरी जात होतं ते शोधत. कुठे दिसत मात्र नव्हतं.

साडेपाचला डबा पुन्हा काट्यावर चढला. दोन पौंड. सोबत न्यूयॉर्कचा छापील कागद होता, आणि त्यावर एक ओळ कोरी: बाहुला चालवणाऱ्याचं नाव. एकच ओळ, तीही आखूड.

"मी लिहू?" नॅडीननं पेन उघडलं. "माझं अक्षर बरं आहे. त्यांना वाचताना त्रास नको."

"आण इकडे."

आत्यानं पेन उजव्या हातात घेतलं. कागदावर आधी स्वतःचं नाव आलं, मग ओळ संपल्यावर खाली, जिथे काहीच छापलेलं नव्हतं तिथे, मॅक्सीनचं. प्रत्येक अक्षर भिजलेल्या दोरीसारखं वाकत गेलं. लिहायला चार मिनिटं लागली. बाहेर टपालगाडीच्या माणसानं दोनदा भोंगा वाजवला, आणि खोलीतल्या कुणीही तिला घाई कर म्हटलं नाही.

"वाचता येतंय?" तिनं कागद नॅडीनपुढे सरकवला.

नॅडीननं तो दिव्याखाली धरला. "येतंय," ती म्हणाली. "आणि कसं लिहिलंय तेही दिसतंय."

"मग घाल डब्यात."